‘आदिम’ नको, आणि ‘निवासी शाळा’ जपून

कॅनडाच्या शालेय अभ्यासक्रमावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘इंडिजिनस’साठी ‘आदिम जमाती’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मुळीच नाही. ‘आदिम’ म्हटलं की गुहा आणि दगडी हत्यारं डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्याबद्दल हा लेख आहे ते आज त्याच शाळांत शिकतायत, शिकवतायत. ‘मूलनिवासी’ अर्थाने जवळचा, पण मराठीत त्याला राजकीय चळवळीचा रंग चढलाय. ‘आदिवासी’ रुळलेला आहे, तोच घ्या. मात्र नेमकं नाव माहीत असेल तिथे नावच लिहा: क्री, हैडा, मोहॉक. ‘फर्स्ट नेशन्स’ हे कॅनडातल्या अशा आदिवासी समाजांचं सामूहिक नाव; त्याला ‘टोळ्या’ तर कधीच म्हणू नका. ‘नेशन’ हा शब्द जाणूनबुजून निवडलेला आहे. ब्रिटिश राजसत्तेने त्यांच्याशी करार केले, आणि वर्गात शिकवायचे ते हेच करार.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही न विचारलेल्या शब्दाची. ‘रेसिडेन्शियल स्कूल’चं तुम्ही सरळ ‘निवासी शाळा’ केलंत. शब्दशः बरोबर, पण मराठी वाचकाला त्यातून वसतिगृह, शिस्त, चांगला निकाल असंच काहीसं ऐकू येतं. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना या शाळांत घातलं गेलं. १९२० साली कायद्याने सक्तीच झाली. स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा व्हायची. हजारो मुलं परत घरी आलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘आदिवासी मुलांसाठीच्या सक्तीच्या निवासी शाळा’ असं पूर्ण लिहा, पुढे आखूड करा. या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांतली बासष्टावी हा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीने शिकवा असं सांगते. तिथलं ‘सक्तीने’ आणि इथलं ‘सक्तीच्या’ एकाच पानावर आले तर येऊ द्या, टाळू नका.

‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ला ‘दृष्टिकोन’ ठीक. वाक्यात ‘त्यांच्या नजरेतून’ जास्त बरं वाटेल.

तुमचं एक वाक्य आहे, ‘येथे आदिम टोळ्या राहत असत.’ ते ‘येथे क्री लोक पूर्वीपासून राहतात’ असं करा. आणि ‘इनुइट’ (उत्तर ध्रुवाकडच्या भागातले आदिवासी) हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, अर्थ ‘माणसं’. एकटी मुलगी असेल तर ‘इनुक मुलगी’.