स्नायू फडफडतात, मुंग्या येतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल. हे मनाचे खेळ असतात का? भीती कशी घालवायची?

तुम्ही लिहिलंय की चार महिने पोटऱ्या आणि पापणी फडफडते, पायांना मुंग्या येतात, एमआरआय स्वच्छ निघाला, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ. ‘मनाचे खेळ’ वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. हे दोन शब्द मी वर्षभर ऐकलेत, आणि तेही सख्ख्या भावाकडून.

मी देवगड तालुक्यातला, हापूसची कलमं आहेत. २०१९ च्या जानेवारीत, मोहरावरची दुसरी फवारणी झाली त्या आठवड्यात, डाव्या पोटरीत पहिल्यांदा हललं. ओल्या वाळूखाली कुर्ली सरकते आणि वरून नुसती वाळू हलताना दिसते, तसं. दुखत नव्हतं. दोन दिवस गंमत वाटली, बायकोलाही दाखवलं. तिसऱ्या रात्री मोबाइलवर शोधलं आणि उजाडेपर्यंत मी माझ्या तेराव्याची यादीसुद्धा करून मोकळा झालो होतो. एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार. स्टीफन हॉकिंग यांना एकविसाव्या वर्षी निघाला होता तोच आजार. ते पुढे ५५ वर्षं जगले हेही त्याच पानावर होतं, पण ती ओळ माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही.

पुढचे तीन महिने मी काय केलं ते सांगतो. तुम्ही लिहिलं नसलं तरी तुमचंही हेच चालू असणार. सकाळी उठून खळ्यात टाचांवर चालायचं, मग चवड्यांवर. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का बघायचं. (बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थोडी थरथरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) आणि रोज रात्री दोन्ही पोटऱ्यांचा घेर सुंभाने मोजून गाठ मारून ठेवायची. दोन गाठींत अर्ध्या बोटाचा फरक निघाला त्या दिवशी मी बागेत गेलोच नाही.

ते सुंभ बायकोला गादीखाली मिळालं. गाठी मारलेलं सुंभ, नवऱ्याच्या गादीखाली! तिला वाटलं कोणीतरी करणी केली. आईने देवळात जाऊन कौल लावला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, एक कोंबडा गेला. मी तोंड उघडून सांगू शकलो नाही की गाठी माझ्याच आहेत. त्या कोंबड्याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांचं ऐका आता. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल नाहीतर कोल्हापूर. मी कोल्हापूर धरलं. पहिल्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला लावला, फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, ‘नॉर्मल आहे. काही नाही. टेन्शन घेऊ नका.’ चार मिनिटं. बाहेर पडलो तेव्हा जीव भांड्यात पडला होता. फोंडा घाट उतरेपर्यंत तो तिथे राहिला. खाली आल्यावर डोक्यात आलं, मेंदूचा काढला, मणक्याचा कुठे काढलाय? मग मणक्याचा काढला. दोन्हींचे पैसे मुंबईहून दादाने पाठवले. आणि मी तिसरा मागितला.

मे महिन्यात दादा गावी आला. खळ्यात पंधरा माणसं जेवून बसलेली. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ह्याका काय एक झालेला नाय. ह्याका रत्नागिरीक नेवन टाका.’ बाहेरच्यांसाठी सांगतो, रत्नागिरीला ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे आणि हे वाक्य आमच्याकडे तयार विनोद म्हणून वापरतात. सगळे हसले. माझा मुलगाही हसला.

जूनमध्ये दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, वयस्कर गृहस्थ. त्यांनी फाइल बाजूला ठेवून आधी विचारलं, धंदा काय? आंबा म्हटल्यावर ताठ बसले. कुठली औषधं मारता, हातमोजे घालता का, फवारणीनंतर घाम-लाळ सुटते का, डोळ्यांसमोर अंधुक होतं का. क्विनालफॉस, डायमेथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली, अंगात गेली तर स्नायू खरोखर फडफडतात. तुडतुड्यावर वर्षानुवर्षं तीच मारत आलो, तोंडाला फक्त पंचा बांधून! आधीच्या डॉक्टरांना हे विचारावंसं वाटलं नव्हतं. ही औषधं अंगात गेली की रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं द्रव्य उतरतं, ते तपासलं, ठीक निघालं. मग एकेका स्नायूची ताकद, हातोडीने रिफ्लेक्स, विजेचे झटके देऊन नसांची तपासणी, स्नायूत सुई टोचून त्यातली वीज बघायची तपासणी, ईएमजी. शेवटी माझ्या पोटरीकडे बघत म्हणाले, ‘हलतेय. मलाही दिसतंय.’

पाच महिन्यांत हे म्हणणारा पहिला माणूस. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी समजावलं. ताकद शाबूत, स्नायू झिजलेला नाही, सुईची तपासणी स्वच्छ, म्हणजे ही निरुपद्रवी फडफड. दिवसाला नऊ कप चहा, चार तास झोप, वर भाव आणि फुलकिड्यांची काळजी, यावर ती पोसली जाते. वर्षभर राहील, जास्तही राहील. एएलएस साधारण लाखात दोघांना होतो वर्षाला, आणि त्यात माणूस बहुधा येतो तो हातातून वस्तू पडते, पाऊल घासतं, बोबडं बोलणं येतं म्हणून. नुसतं फडफडतंय म्हणून क्वचितच. आणि चिठ्ठी दिली मानसोपचाराची. कुठली? रत्नागिरीचीच. गेलो. दादाला कळवलं नाही.

तिथे आठ वेळा गेलो, एक गोळी वर्षभर घेतली. गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला तो स्वतःला तपासत राहणं बंद करण्याचा. एकदम बंद होत नाही. आधी रात्री जेवणानंतर एकदाच, पाच मिनिटं. मग दिवसाआड. मोबाइलवर शोधणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद, आणि बायकोला ‘मला काही झालं नाही ना?’ विचारणंही बंद, कारण तिच्या ‘नाही’चा असर तासभरसुद्धा टिकत नाही. मला हे गाजेवरून पटलं. दादाची मुलं गावी आली की पहिल्या दोन रात्री समुद्राच्या गाजेने झोपत नाहीत. आम्हाला ती ऐकूच येत नाही. समुद्र तोच असतो. पोटरी आजही हलते, आत्ता लिहितानाही दोनदा हलली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मनाचे खेळ म्हणणाऱ्याला तो खेळ काय असतो ते विचारा. लक्षण खरं असतं. पायात जोर नसल्यासारखं वाटण्याचासुद्धा एक प्रकार आहे, फंक्शनल म्हणतात, म्हणजे नस-स्नायू शाबूत पण काम बिघडलेलं, आणि तो ओळखायची खूण हूवर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलीय. झोपवून कमजोर पाय खाली दाबायला सांगितला तर दाबला जात नाही, दुसरा पाय उचलायला सांगितला की आपोआप दाबला जातो. सोंग करणाऱ्याला पकडण्याची ही युक्ती म्हणून सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून घरी पाठवणं हा आळस आहे, मग सांगणारा कितीही मोठा असो.

हे आधी लिहायला हवं होतं: माझं वाचून तुम्ही निर्धास्त होऊ नका. बी-१२, थायरॉइड, साखर यांची तपासणी झालीच असेल; साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ पुन्हा बघा, मासे खात असलात तरी. एखादा स्नायू बारीक व्हायला लागला, चप्पल पायातून निसटते, तर जा. अचानक एका बाजूचा हातपाय गेला, तोंड वाकडं झालं तर लगेच निघा, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा असते आणि आपल्याकडे त्यातले दोन-तीन रस्त्यातच जातात. रात्री फारच घाबरायला झालं तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गेल्या गणपतीत दादाला कळलं. आरती झाल्यावर म्हणाला, ‘शेवटी रत्नागिरीकच गेलंस मां? मग मी काय येगळा सांगलंय?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय ते एवढंच की तुझ्या दोन्ही एमआरआयचे पैसे मी पेट्यांनी फेडलेत, तेही एप्रिलच्या पहिल्या तोडीच्या, आणि कोंबडा आईने दिला होता.