लोफोटेनच्या वाटेवर जेवणाची सोय

नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर पहिल्यांदा जाताना दोन्ही वेळचे जेवण बाहेर घेण्याचा बेत करू नका, कारण नॉर्वेत उपाहारगृहे फार महाग पडतात आणि बेटांमधून जाणाऱ्या ई-१० या मुख्य रस्त्यालगतच्या लहान गावांतली बरीचशी हिवाळ्यात बंदच असतात. मुक्कामासाठी रोर्बू, म्हणजे कोळ्यांची पाण्याकाठची लाकडी घरे, निवडा. त्यांत बहुधा स्वयंपाकघर असते. स्वोल्वेर किंवा लेकनेसच्या दुकानांतून शनिवारीच सामान भरून ठेवा, कारण रविवारी मोठी दुकाने बहुतेक बंद असतात. शाकाहारी मंडळींनी घरचे मसाले जरूर न्यावेत; तूप आणि पनीर मात्र नेऊ नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ तिथे नेण्यास मनाई आहे.

वाचलेले पैसे मासळीवर खर्च करा, असे मी आग्रहाने सांगेन. जानेवारी ते एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला येणारा कॉड, ज्याला तिथे स्क्रेई म्हणतात, हेनिंग्सवेर किंवा रायनेला ताजा खावा. त्याचे मांस पांढरेशुभ्र असते आणि जेवणाचा काटा लावताच पाकळी-पाकळीने सुटते. आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळतात, तसे तिथे लाकडी मांडवांवर कॉड मिठाशिवाय, केवळ थंड वाऱ्यावर वाळवतात. भिजवून शिजवलेला हा मासा जेवणात मागवा. नुसता चघळायचा असल्यास लहान पाकीट पुरते, कारण त्याचा वास उग्र असतो आणि बंद गाडीत तो लवकर जात नाही.