खेळाडूचा कोच होताना

अभिनंदन! तुझं नाव ऐकून पोरं पहिल्या दिवशी येतील, टिकतील मात्र तुझ्या शिकवण्यामुळे. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- एकच कौशल्य हाती घे. रग्बीपटू जॉनी विल्किन्सन निवृत्तीनंतर इंग्लंडच्या खेळाडूंना किकिंग शिकवू लागला, त्याचं हुकमी कौशल्य. आणि २००३ च्या विश्वचषक फायनलमधला त्याचा विजयी ड्रॉप गोल (हातातला चेंडू टाकून, तो जमिनीला टेकताच मारलेली किक) कच्च्या, म्हणजे उजव्या पायाचा होता! म्हणून दोन्ही पायांचा, दोन्ही बाजूंच्या पासचा सराव पहिल्याच आठवड्यापासून घे.
- एका वेळी एकच चूक सुधार. बहुतेक माजी खेळाडू इथेच घसरतात. स्वतःला सहज जमायचं ते पाच सूचनांत कोंबतात.
- भाषण कमी, चेंडू जास्त. लांब रांगा नकोत, छोटे गट कर.

व्हिडिओ विश्लेषण वगैरे सध्या राहू दे.