जानेवारीत आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास समुद्री प्राणी कुठे बघता येतील? (अॅक्वेरियम नको)

जानेवारी म्हणताय ना, मग डोळे झाकून आन्यो नुएव्हो स्टेट पार्क. हायवे 1 धरून दक्षिणेला साधारण 90 किलोमीटर.

तिथे एलिफंट सील येतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पियर 39 या धक्क्यावर सगळे ज्यांचे फोटो काढतात ते सी लायन, हे वेगळे आणि प्रचंड. नर दोन टनांच्या वर जातो, नाक सोंडेसारखं लोंबतं, आणि दोघे समोरासमोर आले की जुनी बुलेट न्यूट्रलला ठेवल्यासारखा डुग-डुग आवाज, वाळूच्या टेकाडामागून आधी तोच ऐकू येतो, प्राणी नंतर दिसतात. हे नर तीन-तीन महिने काही न खाता नुसता किनारा अडवून बसतात. मादीपण उपाशीच, चार आठवडे पिल्लाला पाजते, तेवढ्यात ते 35 किलोचं सव्वाशेच्या आसपास जातं, आणि मग ती त्याला तिथेच टाकून समुद्रात निघून जाते ती जातेच. माझ्या आईला हे काही केल्या पटेना, "मग त्याला पोहायला कोण शिकवतं?" म्हणून गाइडच्या मागेच लागली. कोणी नाही, उथळ पाण्यात आपलं आपणच शिकतं!

एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी यांना इतकं मारलं की मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर थोडेसे उरले होते, 1922 मध्ये मेक्सिकोने संरक्षण दिलं आणि मग हळूहळू उत्तरेला पसरले. 1955 मध्ये आन्यो नुएव्होच्या बेटावर दिसले, 1961 ला तिथे पहिलं पिल्लू, आणि समोरच्या किनाऱ्यावर थेट 1975 ला. म्हणजे आपण बघतो ती गर्दी तशी अलीकडचीच.

आता कामाचं. 15 डिसेंबर ते 31 मार्च त्या भागात एकट्याने जाता येत नाही, गाइडेड वॉकच घ्यावा लागतो, त्याचं बुकिंग ऑनलाइन, वीकेंड पटापट भरतात. तीनेक मैल चालणं, अडीच तास, त्यातलं बरंचसं वाळूतून. पाऊस पडला तरी वॉक कॅन्सल होत नाही आणि छत्री नेऊ देत नाहीत, प्राणी बिचकतात, तेव्हा बाबांना रेनकोट घ्याच. आईंचे गुडघे दुखत असतील तर लाकडी वाटेवरून व्हीलचेअर जाईल असा वेगळा वॉकपण असतो, त्याची चौकशी तिकीट काढायच्या आधीच करा.