बायपासनंतर वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. बरी होतील का?

करंगळी आणि अनामिका असणार. बहुतेक वेळा यात नस वगैरे काही कापलेलं नसतं. छातीचं हाड मधोमध उघडून दोन्ही बाजू तासन्‌तास फाकवून ठेवतात, त्यात मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला जातो. छातीच्या आतली रक्तवाहिनी बायपासला वापरायची असेल तर डावी बाजू आणखी उचलतात.

हे आमच्या मेव्हण्यांना आजवर पटलेलं नाही. माझी बायपास मिरजेत झाली. बोटांना मुंग्या येतात म्हटल्याबरोबर यांचं सुरू, ‘तरी मी म्हणत होतो, पुण्याला न्या.’ पुण्यात काय छाती न उघडता करतात? (लहान छेदातून करतात म्हणे, पण ती सगळ्यांना चालत नाही.) वर एक दिवस नस बसवणारा माणूस गाडीत घालून तासगावात हजर! हाडाला तारा बांधलेल्या, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, आणि हा गडी माझा दंड धरून झटका द्यायला निघालेला. बायकोनं चहा पाजून दोघांना वाटेला लावलं. अजून पाहुण्यांत सांगत असतात, ऐकलं नाही म्हणून बोटं गेली.

गेली नाहीत. द्राक्षाच्या विरळणीत घड डाव्या हातात धरला की करंगळीला कात्री लागलेली कळायची नाही, मण्यांवर रक्त दिसायचं तेव्हा समजायचं. पण एप्रिलच्या छाटणीपर्यंत अनामिका पूर्ण आली. करंगळीचं टोक अजून जाड लागतं, चालतंय.

नस नुसती ताणली असेल तर काही आठवडे ते काही महिने. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. खांद्यापासून बोटापर्यंत टेप लावा आणि हिशेब करा. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी) तपासणी पहिल्या ३ आठवड्यांत करून पैसे घालवू नका, नीट काही कळत नाही. फिजिओथेरपिस्ट सांगेल तो बोटांचा व्यायाम कंटाळा न करता करवून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, त्या गोळीनं ते कमी होतं आणि त्यानंही बधिरपणा येतो. बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही.

आणि हो, हे फक्त ऑपरेशनपासून असलेल्या बधिरपणाचं झालं. अचानक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर उत्तरं वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा.