१५० सीसी बाइकची चेन सारखी ढिली पडते, कडी काढावी, फक्त चेन बदलावी की पूर्ण सेट?

पूर्ण सेट बदला, म्हणजे चेन आणि ती ज्या दातेरी चाकांवर फिरते ती पुढची-मागची दोन्ही स्पॉकेट. फक्त चेन नको आणि कडी काढायला तर अजिबात देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २२ हजार चाललीये, ॲडजस्टर शेवटच्या खुणेला टेकलाय तरी चेन लोंबते आणि गॅरेजवाला म्हणतो दोन कड्या काढून देतो. हे आपल्याकडे सर्रास करतात, चेन घट्ट होतेही, पण मुळात ती लांब का झाली ते बघा. लोखंड काही ताणलं जात नाही. प्रत्येक जोडात पिन असते आणि तिच्यावर बुश, म्हणजे छोटी नळी, त्यांच्यामध्ये धूळ-चिखल शिरला आणि ऑइल नसलं की दोन्ही घासतात आणि फट पडते. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन येते, तिच्या पिन ते पिन अंतर १२.७ मिमी. तिथे नुसतं ०.१ मिमी वाढलं तरी १२० कड्यांत १२ मिमी झाले. आता दोन कड्या काढल्या म्हणजे २५.४ मिमी गेले खरे, पण उरलेल्या ११८ कड्यांमधलं अंतर वाढलेलंच आहे ना! स्पॉकेटचे दाते १२.७ च्याच हिशोबाने कापलेले असतात, मग चेन बुडाशी न बसता दात्यावर चढते, लोड मोजक्याच दात्यांवर येतो आणि ते एका बाजूने झिजून हुकासारखे वाकतात. अशा दात्यांवर नवी चेन टाकली की तीही लवकर जाते, म्हणून सेट.

घरीच बघायचं असेल तर मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा, अर्धा दाता उघडा दिसला तर विषय संपला. किंवा चेन ताणून धरून २० कड्या मोजपट्टीने मोजा, नवीनमध्ये २५४ मिमी भरतात, साध्या चेनला २५९ च्या आसपास गेल्या की बदलायची. ओ-रिंगवाली (जोडांत रबरी रिंगा असलेली) असेल तर त्याच्या आधीच. चाक हळूहळू फिरवून चेन एका जागी टाइट आणि एका जागी ढिली लागते का तेही बघा, तशी असेल तर ॲडजस्ट करून काही उपयोग नाही.

गॅरेजमध्ये मागचं मोठं स्पॉकेट बदलतात आणि पुढचं कव्हर उघडायचा कंटाळा म्हणून छोटं तसंच ठेवतात, तिथे उभे राहा. पुढे १४-१५ दाते, मागे त्याच्या तिप्पटच्या आसपास, म्हणजे पुढच्या एकेका दात्यावर तिप्पट वेळा चेन बसते, आधी तेच झिजतं. चाक काढलंच आहे तर हबमधले रबरही बघून घ्या, ते दबले असतील तर नव्या सेटवरही थ्रॉटल सोडला-दिला की झटका बसेल आणि तुम्ही उगाच चेनला शिव्या द्याल.

लॉकवाली चेन (दोन टोकं क्लिपच्या कडीने जोडलेली) असेल तर लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. उलटी बसवली तर निघून पडायची भीती. घट्ट म्हणजे चांगली असं बिलकुल नाही, खूप टाइट चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. बहुतेक कम्यूटर गाड्यांना २० ते ३० मिमी प्ले (चेन मधोमध वर-खाली हलते तेवढी ढिलाई) लागतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. नवी चेन पहिल्या ५०० किमीत थोडी ढिली पडते, तेव्हा एकदा ॲडजस्ट करून घ्या.

पुढे मग साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, ओ-रिंग असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांबच ठेवा. गाडी फिरवून आणल्यावर गरम चेनला आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल, जास्तीचं पुसून टाका. पावसाळ्यात भिजलेल्या प्रत्येक राइडनंतर. आणि हे सगळं चाक हाताने फिरवून करा, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये टाकून फडकं धरणारे खूप आहेत, त्यात बोटं तुटतात.