नौकाविहाराच्या तलावाचे धरण वरून ठीकठाक दिसत असेल, तर ते सुरक्षित मानावे का?

नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातले ईडनव्हिल धरण पाहा. १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या या मातीच्या धरणामागचा विक्सम तलाव पुढे काठावरची घरे, नौकाविहार आणि मासेमारी यांसाठीच लोकांना प्रिय झाला. मोठा पूर वाहून नेण्याइतकी सांडव्याची क्षमता नसल्याने केंद्रीय नियामकाने २०१८ मध्ये वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला, पण धोका त्याने कमी झाला नाही. १९ मे २०२० रोजी मुसळधार पावसानंतर धरण फुटले, तेव्हा पाणी माथ्यावरून वाहतही नव्हते. चित्रफितीत हिरवळीने झाकलेला खालच्या बाजूचा उतार काही सेकंदांत घसरून जाताना दिसतो. भरावातील सैल, पाण्याने भरलेल्या वाळूची ताकद एकाएकी संपली, असा निष्कर्ष स्वतंत्र तज्ज्ञ समितीने काढला. खालचे सॅनफर्ड धरणही त्याच लोंढ्यात गेले. सुमारे १०,००० लोकांना वेळेत हलवल्यामुळे जीवितहानी टळली, हे प्रशासनाचे खरे श्रेय.

त्यामुळे आपल्या तलावाविषयी विचारताना भरावात कोणती माती आहे, सांडवा किती पूर पेलतो आणि पायथ्याची गळती कोण, किती वेळा मोजतो, याची उत्तरे धरणाच्या मालकाकडे लेखी मागावीत.